तुम्ही विचारलंत म्हणून: रोज झब्बाच का?

‘सर, रोज झब्बाच का?’ विद्यार्थी विचारतात, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, रिक्षावाले तर थेट पक्षच विचारतात. मी कुठल्याही पक्षात नाही, कधी नव्हतो. हाच झब्बा जीन्सवर घातला की कोणी काही विचारत नाही. लेंग्यावर घातला की मी पुढारी.

आजवर ‘उकाडा फार’ एवढं सांगून सुटायचो. ते खोटं नाही. दिवसभर फळ्यावर लिहिणाऱ्याने नीट बेतलेला झब्बा एकदा घालून बघावा. काखेत चौकोनी तुकडा जोडलेला, दोन्ही अंगांना कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या. हात डोक्यावर नेला तरी कापड पाठीत ओढत नाही. बाजूंना चिरा असल्याने मांडी घालून बसता येतं. हल्लीचे बरेच तयार झब्बे शर्टाच्या बेतावर कापलेले असतात, काखेतला तुकडा गाळलेला, आणि मग लोक म्हणतात झब्ब्यात अवघडायला होतं. खादी असेल तर शिवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात ठेवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या आखडतात.

पण उकाड्यासाठी कोणी डिसेंबरात झब्ब्यावर स्वेटर चढवत नाही. खरं कारण अण्णा.

अण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना मुंबईतल्या एका क्लबात जेवायला बोलावलं. अण्णांनी खळ दिलेला पांढरा झब्बा घातला, साखळीची बटणं लावली. दारात अडवलं. कॉलरचा शर्ट हवा. बोलणं अगदी अदबीचं होतं, आणि अशा पाहुण्यांसाठी कपाटात शर्टही ठेवलेले होते. मी म्हटलं, ‘अण्णा, परत जाऊ.’ ते म्हणाले, ‘तो आत वाट बघतोय.’ बाथरूममध्ये त्यांनी बटणांची साखळी काढून रुमालात बांधली, झब्बा इस्त्रीच्या घडीवर घडी घालून माझ्याकडे न देता स्वतःजवळ ठेवला. चौकड्यांचा निळा शर्ट त्यांच्या खांद्यांवरून उतरत होता. जेवण होईस्तोवर झब्बा मांडीवर होता. विद्यार्थ्याला त्यांनी काही कळू दिलं नाही.

2014 मध्ये चेन्नईत वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसलेल्या न्यायमूर्तींना एका क्लबाने आत सोडलं नाही, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी अशा अडवणुकीविरुद्ध कायदा केला. मी ती बातमी अण्णांना वाचून दाखवली. ‘कापडासाठी माणूस दुखवू नये,’ एवढंच म्हणाले. मला ते पटलेलं नाही. अपमान त्यांचा झाला होता, आणि तो गिळण्याचा हक्कही त्यांचाच होता, असं मी स्वतःला समजावायचो. आता तेही पटत नाही. मी शेजारीच उभा होतो.

म्हणून झब्बा. पुन्हा कुठे कॉलर मागितली तर मी दारातून परत फिरेन. फक्त आत अण्णांचा सत्कार चालला असेल तर काय करीन, ते मला अजून सांगता येत नाही.