हिरवं फक्त वीतभर

लातुरात मी बंगल्यांच्या बागा सांभाळतो. या धंद्यात पैसे कापण्याचे मिळतात. ‘कापू नका’ म्हणून सांगितलं की चहा पाजतात आणि निरोप देतात. औसा रोडच्या त्या मोरपंखीच्या झाडाचं मात्र काय करायला हवं होतं, हे माझं मलाच अजून ठरवता येत नाही.

फोन त्या घरच्या मुलाचा होता. नवी मोठी गाडी घेतलेली, फाटकातून आत घेताना झाडाला घासते. “गाडीच्या बाजूनं दोन फूट आत घ्या, सरळ लाइनीत.” मी पोचलो तर काका खुर्ची टाकून झाडापाशीच बसलेले. “हात लावायचा नाही. बुटकी जात म्हणून घेतलीय, तिला कशाला कापायचं?” आणि काकूंचं तिसरंच. “आतून वाळायलीय बघा. मरायली का काय?”

झाड नऊ फुटांचं झालं होतं. नर्सरीवाले ‘ड्वार्फ’ म्हणून विकतात आणि घेणाऱ्याला वाटतं, कमरेएवढं होऊन थांबेल. ड्वार्फ म्हणजे वर्षाला साधारण एक ते सहा इंच वाढणारं झाड. वाढ हळू असते, पण थांबत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी ते फाटकात येणारच. शिवाय आपल्याकडची पुष्कळ मोरपंखी बियांपासून केलेली, म्हणजे आई बुटकी म्हणून पोरही बुटकंच निघेल याची खात्री नाही.

माझ्यासोबतच्या गड्यानं करवत काढलीसुद्धा. त्याचा हात द्राक्षबागेत तयार झालेला. एप्रिलची खरड छाटणी केलेला माणूस तो. काडी डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीवर, आणून ठेवली की वेल पुन्हा भरतो, हे त्याच्या हाडात बसलंय. पेरू, बोगनवेल, कडुनिंबही तसेच, बुंध्याशी कापलं तरी फुटतात. मोरपंखीला जुन्या तपकिरी लाकडावर फूट जवळजवळ येतच नाही. हिरव्याच्या आत कात्री गेली की तिथं भोक, आणि ते भोक कायमचं. एका कॉलनीत वीजेच्या हेजकटरनं ओळीत मोरपंखी गोल केलेल्या मी बघतो. करणाऱ्यानं पैसे घेतले आणि गेला. तपकिरी ठिगळं दिसायलीत अजून.

म्हणून मी आधी दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करून आत बघितलं. हिरवं होतं ते फक्त वीतभर, बाहेरून. त्याच्या आत वाळलेली पानं, भुसा आणि उघड्या काड्या. काकूंना सांगितलं, हे मरणं नव्हे. आत ऊन पोचत नाही, म्हणून आतली जुनी पानं झाड टाकून देतं. तरी उन्हाळ्यात कोळीचा, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, भरवसा नसतो, म्हणून पांढऱ्या कागदावर फांदी झटकली. ठिपके हलले, पण मोजकेच. पाइपनं जोरात पाणी मारलं की भागतं, तेही पानाच्या खालच्या बाजूनं. औषध विकणाऱ्या दुकानदारानं तीन बाटल्या दिल्या असत्या.

आता दोन फूट कुठून आणायचे? वीतभर हिरव्यात दोन फूट बसत नाहीत, हे मुलाला जमिनीवर आखून दाखवलं. मग त्याचा पुढचा प्रश्न, खालून फांद्या काढून गाडी खालून नेता येईल का? बघितलं. गाडी साडेपाच फूट उंच, म्हणजे सहा फूट मोकळं करायचं आणि वर तीन फुटांचा झुबका ठेवायचा. एका वेळी एवढं हिरवं काढलं तर झाड टिकत नाही. त्यात आमचं ऊन. सावलीत वाढलेली आतली पानं एकदम उघडी पडली की दोन दिवसांत करपतात.

काका मध्येच म्हणाले, “2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, तेव्हा हिनं भांड्याचं खरकटं पाणी घालून जगवलीय ती.” काकू काहीच बोलल्या नाहीत. मुलानं मोबाइल काढला.

शेवटी पाऊस पडून माती ओली झाल्यावर गेलो. आधी बांधणी. जुन्या मोरपंखीचे उभे फोक वजनानं बाहेर झुकतात, फाटकाकडे आलेली अर्धी अडचण तीच होती. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तीन फोक आतल्या जाड फोकाला सैल बांधले. तार बांधली तर सालीत रुतते. मग सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, घेऊन एकेक शेंडा, बगलेच्या हिरव्या फांदीच्या अगदी वर, म्हणजे काप झाकला जाईल असा. फार तर चार इंच. मला हेच काम आवडतं. लांबून बघितलं तर कात्री लागलीय हे कळू नये. गडी वैतागला, त्याच्या मते एवढ्या वेळात अर्धा एकर झाला असता.

बांधणी आणि शेंडे मिळून फूटभर जागा निघाली. आरसा मिटला की गाडी जाते.

“दोन फूट म्हणलो होतो,” मुलगा म्हणाला, आणि पैसे पूर्ण दिले. त्याचंही चुकत नाही. दरवर्षी शेंडे खुडले तरी झाड थोडं बाहेर येणारच, हिरवी कड पुढे सरकणार आणि आतलं तपकिरी वाढणार. पाच-सात वर्षांत पुन्हा हाच वाद. तेव्हा फाटकाचा खांब सरकवा, नाहीतर झाड काढा. खांब सरकवायचं मी आताच सुचवलं होतं, पण नवी फरशी फोडायला कुणी तयार नाही.

निघताना तो गेटपर्यंत आला आणि हळूच विचारलं, “मुळासकट काढायचे किती घ्याल?”

मी रेट सांगितला, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. तो “बरं” म्हणाला आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला.