लाल दिवा कधी लागलाच नाही

बॅटरी नवी टाकून झाली होती, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) खोलून कार्बन-बेअरिंग बदलून झालं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन झालं होतं. त्यानंतर सर माझ्याकडे आले. रत्नागिरीकडचे निवृत्त शिक्षक, मुलगी कोल्हापुरात दिलेली, आणि दारात नव्वदच्या दशकातली डिझेल ॲम्बॅसिडर. गाडी पण अशी राखलेली, की सीट कव्हरला सुरकुती नाही. जावई आणि शेजारचा एक पोरगा अशा दोघांनी धक्का मारून सकाळी ती चालू केली होती.

"रात्री चालवताना मीटरचे दिवे जातात," सर म्हणाले. "मंद होत नाहीत, जातातच. स्पीड, डिझेल काही दिसत नाही. आणि मुलगा चालवतो तेव्हा तसं काहीच होत नाही. तो म्हणतो, बाबा, तुम्हाला भास होतो."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायरिंगचं काम करताना गाडीपेक्षा गाडीवाला काय सांगतो ते आधी ऐकायचं, ही सवय मला वस्तादांनी लावली. त्यामुळे मी बॉनेटला हात न लावता स्टूल पुढे सरकवलं. मीटरच्या मागचे बल्ब हे बहुतेक गाड्यांत टेललाइटच्या लाइनवरच असतात. पार्किंगचा फ्यूज उडाला की मागचा लाल दिवा आणि पुढचा मीटर दोन्ही एकदम जातात. म्हणून पहिलं विचारलं, "मीटर गेला तेव्हा मागचे दिवे होते का?"

"होते ना. आंबा घाट चढून आल्यावर मी मुद्दाम उतरून पाहिलं. मागचे होते, पण निखारा विझत आल्यासारखे. हेडलाइट पिवळे पडलेले. मीटर मात्र काळाठिक्कर."

म्हणजे फ्यूज नाही. अर्थची वायर कच्ची असती तर वेगळी भुताटकी दिसली असती: हेडलाइट लावली की इंडिकेटरचा हिरवा दिवा मिणमिणतो, डिझेलचा काटा उगाच हलतो. करंटला नीट परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बांतून घुसतो. तसलं काही नव्हतं. सगळी गाडीच उपाशी होत होती, आणि मीटर सगळ्यांत आधी मान टाकत होता. पण मीटरच आधी का?

वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं आणि कळलं. आत निळाशार उजेड.

"हे एलईडी कुणी घातले?"

"मुलाने. गणपतीला आला होता, पुण्याहून सेट मागवून आणलेला. पाच दिवस घरात बसून काय करायचं, म्हणून सगळे बल्ब बदलले."

"आणि दिवे जायला कधीपासून लागले?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. "गणपतीनंतरच. पण अहो, ते तर नुसते मीटरचे बल्ब."

साधा तारेचा बल्ब व्होल्टेज पडलं तरी विझत नाही. पिवळा होतो, तांबूस होतो, धुगधुगत राहतो. एलईडीचं तसं नसतं. एकेका निळ्या-पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, आणि १२ व्होल्टच्या तुकड्यात बहुधा ३ एकापुढे एक जोडलेले असतात. ९ च्या आसपास आलं की सगळा खेळ खलास. त्यामुळे सर जे सांगत होते ते अक्षरशः खरं होतं, मीटर मंद न होता जातच होता. हे एवढं ऐकूनच त्यांचा चेहरा उजळला. गणपतीपासून डिसेंबरपर्यंत त्या माणसावर कुणी विश्वास ठेवला नव्हता.

पण मीटर विझणं हे शेवटचं टोक. बॅटरी उतरते का, हा खरा प्रश्न. डिझेल इंजिनाची इथे एक गंमत आहे: ह्या जुन्या पंपाच्या इंजिनाला चालू राहायला बॅटरी लागतच नाही. पेट्रोलची गाडी असती तर बॅटरी संपताच घाटात बंद पडली असती आणि रोग तिथेच उघडा पडला असता. ही आपली गुरगुरत रत्नागिरीहून कोल्हापूरला येऊन पोहोचली, दिवे घालवून.

मल्टिमीटर बॅटरीला लावला. इंजिन स्लोमध्ये, म्हणजे रेस न देता, ११.८. चार्जिंग व्यवस्थित असेल तर १४ च्या आगेमागे दिसायला हवं. माझ्या हाताखालच्या पोराने सवयीने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, आणि काटकन १४.१. पाय काढला, इंजिन परत स्लोमध्ये आलं, तरी १३.९ टिकून.

"अल्टरनेटर ओके आहे, मालक," पोरगा म्हणाला.

हेच वाक्य सरांकडच्या आधीच्या बिलावर कुणीतरी लिहिलेलं होतं. चार्जिंग ओके. आम्ही सगळे हेच करतो. रेस देतो, आकडा बघतो, ओके म्हणतो.

मी इंजिन बंद करायला लावलं. परत चालू करायला बॅटरीत दम नव्हता, जंप केबल लावून सेल्फ मारला, केबल काढली. "आता पाय बांधून ठेव," पोराला म्हटलं. स्लोमध्ये ११.७. पाच मिनिटं थांबलो. हेडलाइट लावले, ब्लोअर लावला. आकडा खाली, आणखी खाली. मग सरांनाच सीटवर बसवलं आणि सांगितलं, तुम्ही एरवी दाबता तेवढाच दाबा. त्यांनी असा काही दाबला की बाळ झोपलंय शेजारी. आकडा हलला नाही. मग मी खिडकीतून हात घालून मोठ्याने म्हटलं, "आता मुलगा दाबतो तसा." सर जरा लाजले, पण दाबला. १४.१.

जावई हसायला लागले. "बाबा टॉप गियरमध्ये चाळीसच्या वर जात नाहीत हो."

तर मुलगा चालवतो तेव्हा गाडी ठणठणीत, वडील चालवतात तेव्हा उपाशी. दोघंही खरं बोलत होते, आणि घरात त्यावरून तीन महिने वाद.

डॅशबोर्डवरचा तो बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लोकांना नुसता इशारा वाटतो. ह्या जुन्या, नऊ डायोडच्या अल्टरनेटरमध्ये तो दिवा कामाला असतो. अल्टरनेटरमध्ये कायमचं लोहचुंबक नसतं. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, गुंडाळीत करंट गेला तरच चुंबक तयार होतो, आणि चुंबक झाला तरच वीज तयार होते. सुरुवातीचा हा घोटभर करंट येतो कुठून? बॅटरीतून, किल्लीतून, त्या लाल बल्बमधून, पातळ वायरने रोटरला. किल्ली ऑन केली की बल्ब पेटतो, कारण त्याची दुसरी बाजू रोटरमधून अर्थला गेलेली असते. इंजिन फिरलं, अल्टरनेटर जागा झाला, की दुसऱ्या बाजूलाही १४ येतात. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून बल्ब विझतो. तिथून पुढे अल्टरनेटर स्वतःचं स्वतः बघतो, इंजिन बंद होईपर्यंत.

२.२ वॅटचा बल्ब ०.१८ अँपिअर सोडतो. मुलाने त्याच्या जागी घातलेला एलईडी सोडतो ०.०२ च्या आसपास. तेवढ्याने रोटर जागा होत नाही. लोखंडात जो थोडासा चुंबकपणा उरलेला असतो, त्याच्यावर अल्टरनेटर उठू शकतो, पण त्याला जोरात फिरवावं लागतं. मुलगा ते दर वेळी नकळत करत होता.

हे मनात जुळलं, तरी हातात पुरावा नव्हता. गाडी परत बंद केली, परत जंप मारून चालू केली, स्लोमध्ये सोडली. टेस्ट लॅम्पची (तपासणीच्या वायरवाल्या बल्बची) क्लिप बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक अल्टरनेटरच्या पातळ वायरच्या टर्मिनलवर टेकवलं. लॅम्प क्षणभर पेटला आणि विझला. पोरगा मल्टिमीटर बघत ओरडला, "चौदा!" इंजिनाचा आवाजही किंचित जड झाला, बेल्टवर ओझं आल्याचा. ॲक्सिलरेटरला कुणी हात लावला नव्हता, पायही नाही. एवढ्या वर्षांत हा प्रकार मी ऐकून होतो, पण कुणाच्या अल्टरनेटरला असं टोक टेकवून उठवलं नव्हतं. दुसऱ्यांदा बंद करून परत करून पाहिलं. खरं सांगायचं तर गरज नव्हती, मजा आली म्हणून.

राहिला एक धागा. चार्जिंग होत नव्हतं तर लाल दिवा पेटलेला राहायला हवा होता. सरांना विचारलं तर ते ठामपणे म्हणाले, "लाल दिवा कधी लागलाच नाही. म्हणून तर मी बॅटरीची काळजी करत नव्हतो."

किल्ली नुसती ऑन केली. इंजिन बंद. ह्या वेळी चार्जिंगचा आणि ऑइलचा असे दोन्ही दिवे लागायलाच हवेत. दोन्ही जागी काही नाही. शटर ओढून अंधार केला, डोळा मीटरला लावला, तेव्हा चार्जिंगच्या जागी जेमतेम एक जांभळट ठिपका दिसला. एलईडी पेटत होता बिचारा. पण निळ्या एलईडीत लाल उजेड नसतोच, आणि लाल काच लाल सोडून बाकीचं अडवते. ऑइलच्या दिव्याचीही रंगीत टोपी, तिथेही तीच गत. ते बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. चार्जिंग गेलं तर दिवे जातात. ऑइलचं प्रेशर गेलं आणि दिवा दिसला नाही तर इंजिन जातं.

मुलाला फोन लावला, स्पीकरवर. आधी तो म्हणाला, "एका बल्बने बॅटरी कशी उतरेल?" मी टेस्ट लॅम्पचं सांगितलं. पलीकडे शांतता. मग एकदम, "म्हणजे तो सिरीजमध्ये आहे? रोटरच्या?" पोरगा हुशार होता, इंजिनिअर असूनही. मग पुढची दहा मिनिटं त्याने मला सोडलं नाही. एलईडी ठेवायचाच असेल तर? ठेव, पण लाल रंगाचा घे आणि त्याला आडवा (पॅरलल) ६८ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर टाक, म्हणजे बल्बाचा करंट रेझिस्टरमधून जाईल. "टाका मग." सर मध्येच म्हणाले, "काही नको. जुना बल्बच घाला."

मालक समोर होते, मी त्यांचं ऐकलं. चार्जिंगला आणि ऑइलला तारेचे बल्ब घातले. मीटरच्या उजेडाचेही निळे काढावेत असं माझं मत होतं. रात्री घाटात तो निळा उजेड काचेवर येतो, आणि जुन्या फिरवायच्या डिमरने एलईडी धड कमी होत नाही. पण त्यावर सर म्हणाले, "राहू देत. त्याने हौसेने लावलेत."

अल्टरनेटर तोवर उघडून झालेलाच होता, त्यात करण्यासारखं काही नव्हतं. बॅटरी संध्याकाळपर्यंत चार्जरवर ठेवली. नवीच होती, पण इतक्या वेळा पार उतरल्यावर तिचं आयुष्य कमी झालंच असणार, तेही सांगून टाकलं. बिलात लिहायला आलं ते एवढंच: दोन मीटर बल्ब, चार्जिंग, मजुरी. सरांनी बिल दोनदा वाचलं. आधीच्या बिलांशी त्याचा मेळ त्यांना बसेना.

लायटरच्या सॉकेटात लावायचा एक छोटा व्होल्टमीटर माझ्याकडे पडून होता, तो दिला. चालताना १३.५ च्या खाली दिसलं तर मला फोन करा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. सर साखरप्यात चहाला थांबले होते. "घाट उतरलो. तेरा पॉइंट नऊ."

छान, म्हटलं.

पाऊण तासाने परत फोन. "पाली. चौदा. हेडलाइट लावून पाहिली, तरी तेरा पॉइंट आठ."

मागे इंजिनाचा आवाज येत होता. म्हटलं, सर, गाडी बाजूला घेतलीय ना? ते म्हणाले, "नाही हो, चालवतोच आहे. पण चाळीसच्या आत."