एनआयसीयूत अंगाई म्हणायला लागलेली सही

आमची मुलगी ३१व्या आठवड्यात झाली आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. श्वासाचं मशीन, नळीने दूध, रक्ताच्या तपासण्या, हे सगळं डॉक्टर आणि सिस्टर्सनी इतक्या निगुतीने निभावलं की त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका सहीची, आणि बाळ घरी येऊन रांगायला लागलं तरी तो राग गेलेला नाही.

तिच्या काचेच्या पेटीजवळ बसून हळू आवाजात गावं, एवढीच माझी मागणी होती. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "जरूर गा, चांगलंच आहे." दुपारच्या सिस्टरनी थांबवलं, कारण फाइलमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलं. मग इन्चार्ज म्हणाल्या, दूध काढून द्यायच्या वेळेखेरीज आईला आत बसता येत नाही, खालच्या ऑफिसातून परवानगी आणा. सिझरचे टाके ओढत होते, तशीच खाली गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "गायचंय म्हणजे नेमकं काय करायचंय, ताई?" गाण्यासाठी फॉर्म नव्हता. साध्या कागदावर अर्ज लिहिला, तर त्यावर इन्फेक्शन बघणाऱ्या मॅडमची सही हवी, आणि मॅडम रजेवर! त्यांच्या जागी कोण, ते कोणालाच सांगता येईना. "उद्या बघू" ऐकून मी रोज वर यायचे आणि काचेबाहेरून तिच्याकडे बघत उभी राहायचे. आत मॉनिटरची टिटी, झाकणांचा खटखटाट, फोनची रिंग, सगळे आवाज तिच्या कानावर पडत होते. पोटात असताना ऐकलेल्या आवाजाला तेवढी बंदी.

इन्फेक्शनचं कारण मला पटत नव्हतं. नवऱ्याने रात्री बसून माहिती काढली आणि आम्ही अर्जाला दोन कागद जोडले. पहिला २०२१चा, जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा. त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. आई नवजात विभागातच राहिली आणि जन्मल्यापासून बाळ तिच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले, जंतुसंसर्गही घटला. दुसरा २०१३चा, अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांतल्या २७२ बाळांचा. आईवडिलांनी निवडलेलं गाणं समोर बसून अंगाईच्या चालीत म्हटल्यावर बाळांच्या हृदयाचे ठोके शांत झाले, दूध ओढणं सुधारलं आणि आईवडिलांचा ताणही उतरला. हे कागद बघून डॉक्टर स्वतः माझ्याबरोबर खाली आले. सही पाच मिनिटांत झाली.

पहिल्या दिवशी मी आजीच्या ओवीची नुसती चाल गुणगुणले. पेटीच्या खिडकीतून हात घालून तळवा तिच्या डोक्यावर टेकवला होता. कपाळावरची आठी हळूहळू सुटली, मॉनिटरवर १६८ दिसणारा आकडा १५०च्या आसपास उतरला. ऑक्सिजनचा आकडा होता तिथेच राहिला. पुढे वाचलं की अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावरही असंच चित्र दिसलं आहे: ठोके कमी होतात, ऑक्सिजनमध्ये ठोस फरक दिसत नाही, अपाय आढळत नाही. त्यामुळे गाण्याने वजन वाढेल, मेंदू तल्लख होईल, असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला तिची सुटलेली आठी पुरेशी होती.

नातेवाइकांनी पेटीत छोटा स्पीकर ठेवायला सांगितलं, ते मुळीच करू नका. पेटीत आवाज घुमतो, आणि अशा विभागात तो ४५ डेसिबलच्या आत असावा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. जिनिव्यातल्या एका अभ्यासात अशाच बाळांना संगीत ऐकवलं (त्यात आपली पुंगीही होती, याचा मला फार आनंद झाला!), पण ते त्यांच्यासाठीच रचलेलं, खास हेडफोनमधून, एका वेळी ८ मिनिटं. बोलतो त्याहून खालच्या पट्टीत, एकच सोपी चाल पुन्हा पुन्हा म्हणा. बोटं ताणून फाकली, उचकी लागली, रंग बदलला, की लगेच थांबा. तिला तेवढं पुरे झालेलं असतं.

कांगारू केअर, म्हणजे बाळ उघड्या छातीशी धरणं, सुरू झाली की तेव्हाही गा. छातीतली थरथर तिला अंगाला लागते. वडिलांनाही बसवा. आमच्याकडे बाबांचा जाडा आवाज लागला की ती लवकर झोपायची.

आणि हो, अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. परवानगी फाइलच्या पहिल्या पानावर लावून घ्या, नाहीतर रात्रपाळीच्या सिस्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतात.