कोटेशनची तारीख

झोप येत नाही म्हणून लिहितेय. कारण म्हणावं तर एका कागदावरची तारीख. बस.

मंगळवारी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, झाली. आपल्या शाखेची सात कर्जखाती एसएमए-२ मध्ये, म्हणजे हप्ते दोन महिन्यांहून जास्त थकलेली; ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. सगळ्या शाखांच्या देखत साहेब म्हणाले, "मॅडम, वसुलीला फिरता की नुसती खुर्ची सांभाळता?" २७ वर्षं झाली मला बँकेत. मी लागले तेव्हा साहेब शाळेत असतील. ते बोलले त्याचं एक वेळ ठीक, पण स्क्रीनवरचे बाकीचे चेहरे एकदम खाली बघायला लागले ना, ते लागलं. त्यात सकाळीच दादाचा फोन येऊन गेलेला. असो.

व्हीसी संपली आणि समोर पिको-फॉलवाली बाई. मुद्रा कर्ज, त्यातला सगळ्यात छोटा 'शिशु' गट. ५०,०००च्या आतलं प्रकरण, तारणाची भानगड नाही. फाईल स्वच्छ. तरी मी कागद उलटत गेले, उलटत गेले, आणि मशीनच्या कोटेशनवर थांबले. तीन महिन्यांपूर्वीचं. "नवीन आणा." बाई काही बोलली नाही. फाईल पिशवीत घातली आणि गेली.

शुक्रवारी रसवंतीवाल्याचं प्रकरण मी मंजूर केलं. त्याचं कोटेशन चार महिन्यांपूर्वीचं! पोरीचा निकाल लागला होता, टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा. त्यालाही एक दिला. तारीख दिसली नव्हती का? दिसली होती की. चालतंय, म्हटलं.

खोटं काहीच केलं नाही, हीच पंचाईत आहे. ऑडिटर आला तर मंगळवारच्या शेऱ्याला मान डोलावेल. पण मी फाईल वाचतच नव्हते, खोट शोधत होते. कुणाला तरी 'नाही' म्हणायचं होतं आणि साहेबांना म्हणता येत नव्हतं. अशी किती 'नाही' म्हटली असतील आजवर? आणि प्रत्येकावर नियमाचा शिक्का. माझ्यावर ओरडायला सगळे आहेत, माझं कोण ऐकतंय, हेही त्या शिक्क्याखालीच कुठेतरी.

आज बाई आली. नवीन कोटेशन, ६०० रुपये जास्त. म्हणाली, "बरं झालं मॅडम, तुम्ही नीट बघितलंत. जुन्या भावात त्यानं मशीन दिलंच नसतं." मी मान खाली घालून सही केली. आणि दुपारी रसवंतीवाल्याचा फोन. मशीनचा भाव वाढलाय, दुकानदार वरचे पैसे मागतोय, काय करू?

म्हणजे रागातलं बरोबर निघालं आणि पेढ्यातलं फसलं. आता बोला!

निघताना शिपाईकाकांना सांगितलं, उद्यापासून फायली व्हीसीच्या आधी आणा. मग आठवलं, आधी तर पोटात गोळा असतो. जेवणानंतर डोळ्यांवर झापड. चारनंतर घरचे वेध.

काका दारात उभे. "मग मॅडम, कधी आणू?"