मग ही मुलं लिहायला-वाचायला कधी शिकणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भांडुपच्या एका मराठी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते आणि पालकसभेत, गेटवर, कधी बाजारात भाजी घेतानाही मला हाच प्रश्न येतो: "बाई, तुमच्या वर्गात सारखी कापाकापी, चिकटवाचिकटवी, मोजामोजी. मग अभ्यास कधी होतो? शेजारचा मुलगा पंधरापर्यंत पाढे म्हणतो!"

ही काळजी मला मनापासून पटते. घराचा हप्ता, आईबाबांच्या दोन टोकांना नोकऱ्या, लोकलची गर्दी, एवढं सगळं सोसून तुम्ही पोराला शाळेत घालता. त्याला वाचता आलं पाहिजे, हिशोब आला पाहिजे, यात तुमची चूक काही नाही. म्हणून आधी सरळ सांगते. बाटल्या मोजून कुणाला 'ज्ञ' वाचता येत नाही. अक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं शिकवावीच लागतात आणि आमच्या वर्गात सकाळचा पहिला वेळ त्यासाठीच राखलेला असतो. पाढेही होतात. पण शिकलेलं अक्षर कशाला लागतं, हे मुलाला त्याच दिवशी कळलं तर ते अक्षर टिकतं. हाताने करायची कामं मी त्यासाठी घेते.

'प्रकल्प' म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. रात्री दहा वाजता पोर सांगतं, उद्या प्रकल्प आणायचाय. मग आई स्टेशनरीच्या दुकानात धावते, चित्रांचा छापील तक्ता आणते, बाबा कापतात, ताई सुबक अक्षरात मथळा लिहिते आणि पोर बारा वाजेपर्यंत झोपून गेलेलं असतं. त्या प्रकल्पात शिकलं कोण? ताई. मी घरी प्रकल्प देत नाही. जे करायचं ते वर्गात, मुलांच्या हातांनी, वाकडं-तिकडं झालं तरी चालेल.

आता एक काम जवळून दाखवते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुसरीची मुलं पाऊस मोजतात. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांचा वरचा भाग मी कापून देते आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बाटलीत बसवतो. बाहेरून सेंटीमीटरच्या रेघांची पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खालून खोलगट आणि वेडावाकडा असतो, तिथे मोजता येत नाही, म्हणून तेवढा भाग आधीच पाण्याने भरायचा आणि त्या पाण्याच्या वरच्या कडेला शून्याची रेघ आणायची. दर वर्षी कुणीतरी इथे अडवतंच: "बाई, पाणी तर आहे, मग शून्य कसं?" या प्रश्नावर आम्ही अख्खी तासिका घालवली तरी मला वाईट वाटत नाही. शून्य म्हणजे काहीच नाही, असं पहिलीत शिकलेलं असतं. इथे शून्य ही मोजायला सुरुवात करायची जागा आहे. सात वर्षांच्या मुलासाठी ही मोठी उडी आहे आणि ती फळ्यावर लिहून मारता येत नाही.

मग शाळेचे मामा गच्चीचं कुलूप उघडतात. बाटल्या वाऱ्याने पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी विटा. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवल्या तर पाऊस अडतो, हेही मुलांना पहिल्याच जोरदार सरीनंतर कळतं आणि जागा बदलली जाते. वेधशाळा सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते. आम्ही शाळा भरल्याभरल्या मोजतो. मोजून झालं की पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं. ते उद्याच्या मापासाठी आणि साचलेल्या पाण्यात डास होतात म्हणूनही. सुट्टी आली तर बाटल्या पूर्ण रिकाम्या करून पालथ्या. डेंग्यूवरचा धडा मला वेगळा शिकवावा लागत नाही.

दोन गटांच्या बाटल्या मी मुद्दाम वेगळ्या देते, एक जाड, एक बारीक. पाऊस पडायच्या आधी विचारते, जास्त उंच पाणी कशात साठेल? हात भराभर वर होतात. जाड बाटलीचं तोंड मोठं, तिच्यात पाऊस जास्त जाणार, म्हणून तीच जिंकणार, असं बहुतेकांचं म्हणणं. काहीजण बारीक बाटलीच्या बाजूने, कारण बारीक भांडं लवकर भरतं, हे नळावर पाणी भरताना त्यांनी बघितलेलं असतं. सकाळी दोन्ही बाटल्यांत पाणी जवळपास एकाच रेघेवर! मग भांडण. पट्टी चुकीची चिकटवली, कुणीतरी ओतलं, बाटली तिरकी होती. सगळं तपासून होतं. शेवटी दोन्ही बाटल्यांतलं पाणी एकसारख्या पेल्यांत ओतायचं कुणाला तरी सुचतं आणि दिसतं की जाड बाटलीत पाणी खरोखरच जास्त होतं, पण त्याला पसरायला जागाही तेवढीच जास्त होती. उत्तर मी आधी सांगितलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. पण मग ते उत्तर माझं राहिलं असतं.

आता तुमचा प्रश्न, लिहिणं-वाचणं. वर्गात पावसाची वही आहे. ज्या जोडीची पाळी, तिने एक-दोन ओळी लिहायच्या. एका मुलाने लिहिलं, "आज लई पाऊस पडला." शेजारची म्हणाली, "लई म्हणजे किती?" त्याने खाडाखोड करून लिहिलं, "आज 6 सेंटीमीटर पाऊस पडला. लई पडला." मी ती ओळ तशीच राहू दिली, कारण त्यात माप आहे आणि त्याचं मतही. 'सेंटीमीटर' हा शब्द अनुस्वार, वेलांटी, मात्रा सगळं सांभाळून त्याने लिहिला, कारण तो लिहिल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नव्हतं.

रोज कुणीतरी घरचं वर्तमानपत्र आणतं. मुंबईचा पाऊस त्यात दोन ठिकाणचा छापतात, कुलाबा आणि सांताक्रूझ. 'सांताक्रूझ' दुसरीच्या मुलाला सोपा शब्द नाही. पण आपल्या गच्चीवरचा आकडा जास्त की त्यांचा, हे बघायचं असतं, म्हणून बोट ठेवून अडखळत वाचतात. छापलेला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. 62 मिलिमीटर म्हणजे आपल्या पट्टीवर सहा आणि वर दोन बारीक रेघा, हे एकदा बसलं की दशक-एकक समजावायला मला फार कष्ट पडत नाहीत. भिंतीवर आम्ही आलेख करतो, पण आकड्यांचा नाही. त्या दिवशी बाटलीत जेवढं पाणी, तेवढ्याच उंचीची निळी कागदी पट्टी कापून शेजारी शेजारी चिकटवायची. कोरड्या दिवसाची जागा रिकामी ठेवायची. ती रिकामी जागा ठेवावी की नाही, यावरही वाद होतो आणि तो वाद मला फार आवडतो.

मग पाणी जातं कुठे? भांडुपच्या मुलांना हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा शुद्ध होतो ते केंद्र आपल्याच भागात आहे. विहार आणि तुळशी हे दोन तलाव मुंबईतच आहेत, बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, शहराबाहेर. ही सात नावं मी पाठ करायला दिलेली नाहीत. तलाव भरल्याच्या बातम्या वाचून ती मुलांना येतात.

"हे सगळं मोठ्या फीच्या इंटरनॅशनल शाळांचं फॅड," असंही काहीजण म्हणतात. तसं नाही हो. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर 1918 मध्ये लिहिलं हे खरं, पण 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींची नई तालीम मांडली गेली, तीही हाताच्या कामातून शिकण्याचीच होती. आणि आपल्या ताराबाई मोडक! मुंबईत जन्मलेल्या, दादरला शिशुविहार चालवलेल्या ताराबाई 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी गावातल्या, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिकण्याचं साहित्य केलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. पैसा लागतो, हे म्हणणं त्यांच्यापुढे टिकत नाही.

लागतो तो वेळ आणि बाईची तयारी. गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातून निरोप येतो. कोण रेघ वाचणार, कोण लिहिणार, कोण ओतणार हे ठरलेलं नसेल तर दोन चटपटीत मुलं सगळं करतात आणि बाकीची बघत बसतात. म्हणून कामं रोज फिरवावी लागतात आणि जे मूल मागे मागे राहतं त्याच्याकडे पट्टी द्यावी लागते. तुमचं मूल वाचनात मागे असेल तर ते मला याच वेळी लवकर दिसतं, कारण पुस्तकातला धडा ऐकून पाठ म्हणता येतो, आजच्या पेपरातला आकडा पाठ नसतो. 2010 मध्ये आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे फक्त परीक्षेवर न थांबता वर्षभर मुलाची प्रगती बघायची पद्धत, आलं तेव्हा त्यात प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प ही साधनं चाचणीच्या बरोबरीने धरली होती, तीही यासाठीच.

तेव्हा पुढच्या पालकसभेला प्रगतिपुस्तकाबरोबर पावसाची वहीही मागा. जूनमधलं तुमच्या मुलाचं पान आणि सप्टेंबरमधलं पान शेजारी ठेवून वाचा आणि काही कमी वाटलं तर मला तिथेच सांगा, मी त्यावर काम करेन. आणि घरात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या असतील तर धुवून पाठवा. सरळ बाजूंच्या हव्यात, मधे कमरेसारख्या चिमटलेल्या नकोत.