तुम्ही विचारलंत म्हणून: मी महापौर झाले तर आधी काय करेन

काकू, उद्या तुम्हाला महापौर केलं तर पहिलं काम काय कराल? हा प्रश्न मला सोसायटीतली पोरं विचारतात, माहेरचे विचारतात, परवा तर दूधवाल्याने पण विचारलं. कारण एवढंच की मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, क्षेत्रीय कार्यालयात सारखी चक्कर असते आणि पालिकेचा विषय निघाला की मला आवरत नाही. विचारणाऱ्याला "ट्रॅफिक" एवढं एका शब्दात ऐकून चहा प्यायचा असतो हे मला कळतं. पण विचारलंत ना, मग आता सगळं ऐका.

आधी एक गैरसमज काढून टाका. पुण्याचा महापौर पुणे चालवत नाही. १९४९ च्या महापालिका कायद्यात कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त येतात राज्य सरकारकडून. महापौरपद अडीच वर्षांचं, ते कुठल्या प्रवर्गाला जाणार याची सोडत निघते मुंबईत, आणि तिजोरीच्या चाव्या स्थायी समितीकडे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली त्यानंतर तर कितीतरी काळ महापौरच नव्हते, आयुक्तच प्रशासक, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना फरकच जाणवला नाही. (मला जाणवला. ड्रेनेज तुंबल्यावर रात्री दहाला फोन करून ज्याच्यावर ओरडायचं तो हक्काचा माणूसच गायब झाला.)

मग महापौराच्या हातात उरतं काय, तर मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची बैठक. कुठला विषय घ्यायचा, कोणाला बोलू द्यायचं, प्रशासनाला कशाचा खुलासा करायला लावायचा, सभा चालवायची का श्रद्धांजली वाहून तहकूब करायची. ज्याला हे वापरता येतं त्याला एवढं पुष्कळ आहे. म्हणून माझं उत्तर असं आहे की मी नवीन काहीही बांधणार नाही, मी फक्त क्रम लावायच्या मागे लागेन. आधी पाणी आणि ड्रेनेज, मग बांधकामाची परवानगी. आत्ता हे बरोब्बर उलटं चाललंय.

आम्ही सिंहगड रोडच्या टोकाला, २०२१ मध्ये जी २३ गावं पालिकेत आली त्यातल्या एका गावात राहतो. त्याआधी १९९७ ला गावं घेतली, २०१७ ला ११ घेतली, आणि २०२१ नंतर पालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली, म्हणजे क्षेत्रफळात मुंबई पालिकेपेक्षाही मोठी. पेपरात काय कौतुक आलं होतं. इकडे खडकवासला धरण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्याकडे पहाटे साडेपाचला येतो टँकर. वॉचमन वरचं झाकण उघडून आत बॅटरी मारून बघतो की गळ्यापर्यंत भरलाय का, कारण दहा हजार लिटर म्हणून साडेआठ टाकून जाणारे असतात, ड्रायव्हर कुरकुर करतो, मग पाइप टाकीत सोडायचा, वहीत गाडीचा नंबर, वेळ, सही, पावती पिनेने लावायची, महिनाअखेरीला त्या पावत्या आणि बिल जुळवत मी बसते आणि मेन्टेनन्स वाढवला की शिव्याही मीच खाते. पालिकेचं पाणी येईपर्यंत सोय बिल्डर करेल असं हमीपत्र परवानगीच्या वेळी घेतलेलं असतं बरं का. आमचा बिल्डर सोसायटी ताब्यात देऊन पुढच्या साइटवर गेला, हमीपत्र फायलीत राहिलं.

यात नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही. जानेवारी २०२५ मध्ये किरकिटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट सापडायला लागले तेव्हा बोट पाण्याकडेच गेलं होतं. ते दिवस ज्यांनी इथे काढलेत त्यांना विचारा, आम्ही भाजी धुवायचं पाणीसुद्धा उकळून घेत होतो.

आता तुम्ही म्हणाल की पाणी नाही तर परवानगी थांबवा, त्यात काय एवढं. त्यातच सगळं आहे! पूर्वी पालिकेचं पोट जकातीवर चालायचं, २०१३ ला जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, मग जीएसटीचं अनुदान. पालिकेच्या स्वतःच्या हातात राहिलं काय तर मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. म्हणजे ज्या इमारतींना पाणी द्यायची ऐपत नाही त्याच इमारतींच्या परवानगीच्या पैशावर पालिकेचं अंदाजपत्रक उभं असतं, थांबवणार कोण? त्यात २०२१ ला या २३ गावांचा विकास आराखडा करायचं काम सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं. आराखडा एकाचा, पाणी दुसऱ्याने द्यायचं, आणि आम्ही मधे बादल्या घेऊन उभे.

तर माझ्या पहिल्या मुख्य सभेत एकच विषय असेल. समाविष्ट गावांचा एकेक करून हिशोब पटलावर ठेवा: पाण्याची लाइन कुठपर्यंत आलीय, ड्रेनेज कुठे सोडलंय, आणि मंजूर नकाशे किती. नुसतं एवढं मराठीत, नकाशासकट, लोकांना बघता येईल असं. आणि ते येईपर्यंत सभा तहकूब नाही. परवानगी थांबवायचा अधिकार महापौराला नाही हे मला माहितीये, पण फ्लॅट बुक करणाऱ्याला जर दिसलं की या रस्त्यावर लाइनच नाही तर निम्मं काम तो स्वतःच करेल.

दुसरं म्हणजे पाण्याचे मीटर. हे बोललं की लोक उठून जातात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचा मिळून साठा साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात पुणे पण प्यायचं आणि कालव्यातून दौंड-इंदापूरची शेती पण भिजायची, म्हणून दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत तीच ओढाताण. आणि आपल्या नळांमधून गळती ४० टक्क्यांच्या आसपास असं पालिकाच सांगत आलीय! चोवीस तास समान पाणी योजनेसाठी २०१७ मध्ये पालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात सोहळा झाला, टाक्या झाल्या, पाइप पडले, पण मीटर बसवायला माणसं आली की कितीतरी ठिकाणी लोकांनी आणि त्यांच्या पुढाऱ्यांनी हाकलून दिलं. कुठे किती पाणी जातं हेच मोजलं नाही तर गळती सापडणार कशी, आणि पेठेत धो धो आणि आमच्याकडे थेंब हे बदलणार कसं? सगळ्यात आधी नगरसेवकांच्या घरी मीटर बसवा, मग आमच्या.

पुण्याला हे नवीन आहे असंही नाही. शहर वाढायला लागलं तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी आणलं होतं. त्याच कात्रजकडून येणारा आंबिल ओढा आपण दोन्ही बाजूंनी आवळत आणला, कुठे भिंत, कुठे भराव, कुठे स्लॅब, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घराघरात शिरला. शहरात आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या नदीकाठच्या एकतानगरीतले लोक पहाटे उठले तर पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात. तेव्हा दोन-चार आठवडे ओढा-नाला सर्वेक्षण हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. महापौर म्हणून मी मे महिन्यात, पत्रकार बोलावून, ओढ्याच्या काठाने चालत जाईन. जूनमध्ये जाऊन उपयोग नाही, तोपर्यंत नालेसफाईची बिलं निघालेली असतात.

पैसा कुठून आणणार, असा भाचा विचारतो (तो हिंजवडीला, त्याला मेट्रोच पहिली हवी). थोडा तरी "स" यादीतून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नगरसेवकांच्या प्रभागातल्या किरकोळ कामांची तरतूद असते ती "स" यादी, त्यातूनच ती बाकडी, नावाचे फलक, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बकेटा. आणि वर्ष संपत आलं की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे बजेटमध्ये एका कामाला ठेवलेले पैसे दुसऱ्याच कामाला वळवायचे. एकेक रक्कम छोटी दिसते पण सगळं मिळून पाहिलं की डोळे फिरतात. पाणी आणि ड्रेनेजमधून बाहेर वर्गीकरण नाही, एवढा एक ठराव मला हवाय.

बस आणि कचऱ्याबद्दल थोडक्यात. पीएमपी ही बससेवा २००७ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही पालिकांची मिळून आहे, तिला बसगाड्या द्या, दर थोड्या दिवसांनी साहेब बदलू नका. कचरा गोळा करणाऱ्या "स्वच्छ" या संस्थेच्या बायकांना दर करार संपला की टांगणीला लावू नका. उड्डाणपुलांचं मी बोलणारच नाही, त्यांच्यासाठी बोलणारे भरपूर आहेत.

मग उभ्या का राहत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. अहो, मीटरचा मुद्दा जाहीरनाम्यात घातला तर मला आमच्याच बिल्डिंगमधून मतं पडायची नाहीत. मागच्या जनरल बॉडीत मी फ्लॅटवार मीटरचा विषय काढला होता. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले गणपती जवळ आलेत, वर्गणीचं आधी बघू, आणि सर्वानुमते विषय पुढच्या मीटिंगवर गेला.