जेवून उठल्यावरची भूक

आई गेल्यापासून धाकटीचं माहेर म्हणजे माझंच घर. गेल्या दिवाळीत ती आठ दिवस राहिली. आमची अंगकाठी सारखी, वजनही जवळपास तेवढंच. फरक एवढाच, मला ११ वर्षांपासून शुगर आहे, तिला नाही. रात्री दोघींच्या ताटात तेच: दीड भाकरी, मेथी, मुगाची आमटी. साडेनऊला ती अंथरुणावर पडून फोन बघत होती आणि मी स्वयंपाकघरात चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडत होते.

"ताई, पोट भरलं नाही का गं?" मागून तिचा आवाज आला. तिनं मायेनंच विचारलं, पण मला रडू फुटलं. "शुगर आहे तरी तोंडावर ताबा नाही," हे सासूबाईंकडून इतकी वर्षं ऐकत आलेय.

मग वाचायला बसले. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्या जठरात सापडलं. जेवणाआधी ते वाढतं, जेवलं की उतरतं. मला वाटलं, आम्हा शुगरवाल्यांत ते जास्तच असणार. तसं नाही. टाइप २ मधुमेहात, त्यातही वजन जास्त असेल तर, उपाशीपोटी ते बऱ्याचदा कमीच आढळतं. पण जेवल्यावर जेवढं उतरायला हवं, तेवढं अनेकांत उतरत नाही.

अमायलिनबद्दल वाचलं तेव्हा मात्र मी थांबलेच. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी इन्सुलिनसोबतच हे संप्रेरकही सोडतात. ते जठरातलं अन्न सावकाश पुढे जाऊ देतं आणि मेंदूला सांगतं, आता बास. टाइप १ मध्ये त्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, म्हणून ते जवळजवळ नसतंच. टाइप २ जुना झाला की इन्सुलिनबरोबर तेही आटत जातं. इन्सुलिन कमी पडतंय, हे मला कितीदा सांगितलं गेलं. "बास" म्हणणारंही कमी झालंय, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

एक भूक मात्र वेगळी, शुगर फार उतरल्याची; ती ओळखायलाच हवी. मार्चमध्ये शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि जेवण लांबलं. घाम फुटला, हात कापायला लागले, समोर दिसेल ते खावंसं वाटलं. ग्लुकोमीटरवर ५८. लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी ८४ आली. डॉक्टरांनी नंतर गोळी निम्मी केली. शुगर ७० च्या खाली असेल तर ताबडतोब गोड घ्यायचं. चिवड्याच्या वेळी मात्र माझी शुगर १६३ असते.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री साडेनऊला त्यांनी जिरं घातलेल्या ताकाचा पेला माझ्यासमोर आणून ठेवला आणि शेजारी बसून राहिल्या.